बोराटी लावलेलं घर

आप्पा गेले ते वाईट नक्षत्रावर गेले, आणि त्यामुळे लासुर्ण्याच्या त्यांच्या थोरल्या मुलाला, जोतीरामला, चांगलं नवे पत्रे टाकलेलं घर सोडून आई, बायको आणि आत्या यांच्यासह गोठ्यात राहायला जावं लागलं. आमच्याकडे हे असंच आहे. माणसानं कुठल्या नक्षत्रावर जायचं हे काही त्याच्या हातात नसतं, पण मागं उरलेल्यांना त्याची शिक्षा असते. घराला कुलूप घालायचं, दारावर बोरीची काटेरी फांदी, म्हणजे बोराटी, आडवी बांधायची आणि जोशी सांगेल तितके महिने आत पाऊल टाकायचं नाही. आतली काडीसुद्धा बाहेर आणायची नाही, कारण वस्तूच्या मागोमाग दोष चालत येतो. तेव्हा ताटं-वाट्या, अंथरुणं, घड्याळ, आप्पांच्या चपला, सगळं जिथल्या तिथं ठेवून ही चौघं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली.

जोश्याला विचारायला गेली होती ती धोंडाबाई. आप्पांची ही थोरली बहीण, कळसला दिलेली आणि ऐन विशीत विधवा झालेली. जोशीही कळसचाच. भावाच्या मातीला आली ती धोंडाबाई मग परत गेलीच नाही.

"पाच म्हैने," जोश्याकडून येऊन तिनं सांगितलं.

"पाच?" जोतीराम हबकला. "आत्या, समोर अख्खा पावसाळा हाय की गं."

"मंग? पावसाळ्याला इचारून नक्षत्र येत असतंय व्हय?"

ज्या बाईनं ऐन विशीत कपाळ पुसून पुढं सगळा जन्म दिरांच्या संसारात काढला, तिच्याशी वाद घालायची घरात कुणाची टाप नव्हती. जोतीराम उसाच्या सोसायटीच्या बैठकीत भल्याभल्यांना गप्प बसवायचा, पण आत्यापुढं तो मान खाली घालून दाढीचं सामान मागायचा आणि ते त्याला मिळायचं नाही. छत्री मागितली, मिळाली नाही. रतननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पोळपाट मागितला, तर धोंडाबाई म्हणाली, "हातावर थापायच्या भाकरी. आमी जल्मभर तेच केलं." शेवटी शेजारच्या सोपानच्या घरून भांडी आली, आणि गोठ्यात दोन म्हशी नि चार माणसं असा संसार सुरू झाला.

हेही सगळं निभलं असतं. पण कुशाबाईची, आप्पांच्या बायकोची, झोप गेली.

रात्री कधीही कूस बदलावी, तर म्हातारी आपली खांबाला टेकून बसलेली. डोळे टक्क उघडे. "आई, पड की जरा," म्हटलं की "पडते, पडते," म्हणायची आणि बसूनच राहायची. असे आठवडेच्या आठवडे गेले. जोतीरामनं तिला इंदापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळी घेऊन ती बसायची आणि जोतीरामला मात्र काळजीनं घाम फुटायचा. आप्पा गेले त्याला इलाज नव्हता, पण आता आईही अशी हातातून निघाली तर काय करायचं, या विचारानं बिचारा निम्मा झाला. चार माणसांत बोलायचं म्हणजे लाज, म्हणून तो उसाला पाणी देताना एकटाच डोळे पुसायचा.

आणि एक दिवस त्याला वाटलं की आपल्याला औषध सापडलं. घोंगडं! आप्पा मेंढरं राखायचे त्या काळातलं, त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीचं काळं घोंगडं. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं विकली, पण घोंगडं राहिलं. लग्न झाल्यापासून कुशाबाई त्याच्याशिवाय दुसऱ्या कशावर झोपलीच नव्हती. ते आत खुंटीवर टांगलेलं होतं. आई पोत्यावर कशी झोपेल?

"आत्या, तेवढं एक घोंगडं काढू दे," त्यानं हात जोडले.

"घोंगडं न्हाय नि बिंगडं न्हाय!" धोंडाबाई अशी कडाडली की म्हशीनं रवंथ थांबवलं. "त्या घराच्या वाऱ्याला सुदीक जायचं न्हाय, सांगून ठिवते. तुजी सावली जरी पडली दारात तर मी कळसला निगून जाईन."

आता आईच्या जिवापुढं आत्याचा राग काय करायचा? जोतीरामनं चोरी करायचं ठरवलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाच्या घोंगड्याची चोरी. रोज जेवणं झाली की दोघी म्हाताऱ्या माळावरच्या बिरोबाच्या देवळात जाऊन बसायच्या त्या उन्हं उतरल्यावर यायच्या. तीच वेळ बरी होती. त्या दिवशी त्यानं रतनला सकाळीच उसातलं तण भांगलायला रानात पिटाळलं, दोघी म्हाताऱ्या देवळाकडं गेल्याचं पाहिलं आणि मागच्या भिंतीला शिडी लावली.

पुढून जाणं शक्य नव्हतं. बोराटी हलली असती तर रस्त्यानं जाणाऱ्याला दिसलं असतं. जोतीरामनं छपरावर चढून पत्र्याचे दोन हूक काढले. पत्रा बाजूला सारताना असा काही कर्कश आवाज झाला की तो पालीसारखा पत्र्याला चिकटून राहिला. मग तो पाय सोडून लोंबकळला, देवाचं नाव घेतलं आणि खाली पडला तो थेट सरपणाच्या ढिगावर.

धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच बसून राहिला. वरच्या भोकातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि मधली खोली त्यात दिसत होती. भिंतीवरचं कॅलेंडर मे महिन्यावरच थांबलं होतं. आप्पांची पितळी तांब्याभांडी, औषधाची अर्धी बाटली, कोनाड्यात चष्मा, त्याच्या एका काडीला आप्पांनीच गुंडाळलेला दोरा. पलंगाखाली चपला, एकीचा अंगठा झिजलेला. पलंगाजवळ धाकट्या भावानं, इंद्रजितनं, पहिल्या पगारात घेऊन दिलेला ट्रान्झिस्टर. जोतीरामला एकदम भडभडून आलं. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत, पाव्हण्यारावळ्यांच्या पंगती उठवताना, त्याला रडायला सवडच झाली नव्हती. सरपणावरच बसून, धोतराचा सोगा तोंडात कोंबून त्यानं पोटभर रडून घेतलं.

रडून मोकळा झाल्यावर त्याचं लक्ष जमिनीकडं गेलं. जमीन झाडलेली होती.

चार महिने बंद असलेल्या घरात बोटभर धूळ हवी. इथं शेणानं सारवलेलं होतं, आणि तेही परवा-तेरवाचं दिसत होतं. त्यानं माठात हात घातला. माठ भरलेला, पाणी गार. त्यानं खुंटीकडं पाहिलं. खुंटी रिकामी होती.

"आप्पा?" जोतीरामच्या तोंडून बारीक आवाज निघाला. "मी हाय, जोतीराम. मी फकस्त घोंगडं न्यायला आलोय. आईसाठी."

उत्तरादाखल वरचा पत्रा खडखडला. उन्हाचा पट्टा झाकला गेला, भोकातून दोन पाय आत आले आणि पाठोपाठ एक अख्खा माणूस जोतीरामच्या अंगावर कोसळला. दोघंही एकाच वेळी "मेलो!" म्हणून ओरडले. धूळ पुन्हा उडाली.

"दादा?"

"इंद्र्या? तू हितं काय करतोस?"

इंद्रजित बारामतीला एमआयडीसीत नोकरीला होता आणि जळोचीला खोली घेऊन राहायचा. नक्षत्रबिक्षत्र सगळं थोतांड आहे असं तो सुतकाच्या दहा दिवसांत रोज म्हणायचा. आता त्याच्या केसांत जळमटं अडकली होती आणि त्यानं जोतीरामचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

"मला आप्पांचा ट्रान्झिस्टर पायजे हुता," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी बातम्याची वेळ झाली की कानात वाजायला लागतो, दादा. म्हनलं घेऊन जावा. शिडी दिसली, वर आलो."

"तू तर दोष मानत न्हाईस. मंग पुढच्या दारानं ये की राजासारखा!"

"मी न्हाय मानत. पर लोक मानत्यात न्हवं."

"मंग लोकाला भिऊन छपरातनं आलास?"

"आन् तू?"

जोतीरामनं भावाला जमीन दाखवली, माठ दाखवला, रिकामी खुंटी दाखवली. इंद्रजितचा चेहरा उतरला. विज्ञानानं सगळं सुटतं, असं तो नेहमी म्हणायचा, पण सारवलेल्या जमिनीचं काय करायचं हे त्याला सुचेना. दोघं भाऊ लहानपणी बसायचे तसे एकमेकांना चिकटून सरपणावर बसले आणि दबक्या आवाजात कुजबुजू लागले.

नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून रतन आली. हातात चटणीची बरणी, तोंडानं पुटपुटणं चाललेलं, "आप्पा, चमचाभरच घेतीय हां." तिनं समोर पाहिलं. पांढऱ्या धुळीनं माखलेली, जळमटांनी मढलेली दोन भुतं सरपणावर एकमेकांना मिठी मारून बसली होती. रतन ओरडली नाही. तिच्या हातातून बरणी तेवढी सुटली.

वर्षाची चटणी होती ती. बरणी फुटली आणि चटणीचा लाल ढग खोलीभर पसरला.

पुढचा काही वेळ तिघांनाही एकमेकांशी बोलता आलं नाही. शिंका, ठसके, डोळ्यांतून धारा. ठसक्यांच्या मधल्या मधल्या जागेत संसाराचं भांडण जमेल तसं चाललं.

"तू... रानात हुतीस न्हवं?"

"तुमीच सकाळी... हाकललं! मी रोज सकाळीच येते... गुपचूप... आज राहून गेलं, म्हनून आत्ता आले!"

"रोज?"

"मंग कालवणाला चव काय म्हशीमुळं येत हुती?"

"तू म्हनलीस सोपानच्या घरची चटणी हाय!"

"आन् तुमी त्याच्या बायकूला जाऊन म्हनलासा, वैनी, हात लई चांगला हाय तुमचा! माझी मेलीची... वर्षाची चटणी!"

"वैनी, पर तुमी आत आलासा कुठनं?" इंद्रजितनं डोळे चोळत विचारलं.

"न्हाणीच्या दारानं. बाहेरनं काडी घातली की कडी निगती."

दोघा भावांचा या घरात जन्म गेला, पण न्हाणीच्या दाराला कडी आहे हेसुद्धा त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. पाणी भरायचं काम बायकांचं होतं.

"आन् सारवलेलं दिसलं न्हाय व्हय तुला?" जोतीरामनं विचारलं.

"दिसलं की. म्हैना झाला बगतीय. आप्पांला केर खपत न्हवता. म्हनून तर रोज इचारून घेते."

"मंग आप्पा काय म्हनत्यात?"

"काय न्हाय म्हनत. मंजे व्हयच असंल."

इतक्यात बाहेरून आवाज आला, "कोन हाय रं आत?"

शेजारचा सोपान. पत्र्याचा खडखडाट त्याच्या वस्तीपर्यंत गेला होता. आत सापडलो तर गाव काय म्हणेल? दोष काढायचा सोडून पोरं छपरातून बापाचं घर लुटतायत म्हणेल. जोतीरामनं रतनचं तोंड दाबलं, रतननं दिराचं. पण चटणी काही कुणाची वाट बघत नाही. इंद्रजितच्या छातीतून आधी एक बारीक खर्र झालं आणि मग असा खोल, लांबलचक, शेवटाला दोनदा घसा खाकरणारा खोकला बाहेर पडला की जोतीरामच्या अंगावर सरसरून काटा आला. तो हुबेहूब आप्पांचा खोकला होता. इतकी वर्षं इंद्रजित त्यांच्याच घरात खोकत होता, पण आप्पा असेपर्यंत ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाहेर सोपान एकदम गप्प झाला.

आणि आतल्या बंद खोलीतून, झोपेनं जड झालेला, पण चांगला स्वच्छ आवाज आला, "आवं, पानी दिऊ का?"

बाहेर पावलं धावत सुटली. "बिरोबा, बिरोबा!" असं काहीतरी लांब लांब जात ऐकू आलं. आत मात्र कुणाचं पाऊल हलेना.

आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं. त्यातून धोंडाबाई बाहेर आली, पदर खोचलेला, हातात केरसुणी. तिनं तिघांकडं पाहिलं, लाल झालेल्या जमिनीकडं पाहिलं आणि ओठावर बोट ठेवलं.

"हळू! कवापास्नं ऐकतीय तुमचा गोंधळ. आत्ता कुठं डोळा लागला हुता तिचा."

जोतीराम दारातून आत डोकावला. ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला, काळ्या घोंगड्यावर, कुशाबाई कुशीवर वळून झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात उशाला. तिला असं गाढ झोपलेलं त्या गोठ्यात कुणी चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. जोतीरामला आधी हायसं वाटलं आणि मग भयंकर राग आला.

"आत्या! आमाला सावली पाडू दिली न्हाईस, आन् तू रोज हिला हितं आणतीस? देवळात जातो म्हनून सांगतीस? आन् दोष? दोषाचं काय?"

"दोष कवाच गेला," धोंडाबाई शांतपणे म्हणाली.

"मंजे?"

"जोश्यानं तीनच म्हैने सांगितलं हुतं. वरचं दोन मी वाढवलं. श्रावणातच सरलं ते. आपुनच तेवढं ऱ्हायलोय बाहीर."

इंद्रजित पुन्हा खोकला, पण या वेळी चटणीमुळं नाही. जोतीरामला आपले मच्छर चावून सुजलेले हात आठवले, दाढी वाढवून काढलेल्या सोसायटीच्या बैठका आठवल्या, गळक्या गोठ्यात उशाशी ठेवलेल्या बादल्या आठवल्या.

"का पर?" त्यानं विचारलं. "का वाढवलंस?"

धोंडाबाईनं केरसुणी भिंतीला टेकवली. तिच्या कोरड्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"माझं माणूस गेलं तवा घर भरलेलं हुतं, पोरा. सासू, सासरा, जावा, दीर, पावनं. रडाया बसलं की कोनतरी म्हनायचं, ऊठ, चूल पेटीव. मला रडाया कोपरा घावला न्हाय तो न्हायच. मंग पुढं रडू आलं न्हाय. लोक म्हनत्यात धोंडी लई कडक." तिनं खोचलेला पदर सोडला. "म्हनलं, कुशाला तरी घावू दे. घर उघडलं की मानसं आलीच. म्हनून दारं बंद ठिवली. हितं येती, पोटभर रडती, आन् मंग निजती. मी केर काढते."

रतननं डोळे पुसले, आणि चटणीचाच हात असल्यामुळं ते आणखी जळजळले, पण तिनं तक्रार केली नाही.

बोलण्यानं कुशाबाई जागी झाली. उठून बसली, दारात उभी असलेली धुळकट मंडळी बघितली आणि तिला त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आलासा व्हय सगळी," ती म्हणाली. "इंद्रजित, वाळलास रं."

जोतीराम तिच्यापुढं जाऊन बसला. "आई, मी जिवाला घोर लावून घेतला, इंदापूरला नेलं तुला. दवाखान्यात का सांगितलं न्हाईस, दिवसा झोपतीस म्हनून?"

"डागदरनं इचारलं, रातीला झोप येती का. म्हनलं न्हाय. दिवसाचं त्यानं इचारलंच न्हाय."

"पर रातीला का जागतीस? झोप की आमच्यासंगं."

कुशाबाईनं घोंगड्याची सुरकुती हातानं सारखी केली. "तुमी सगळी उघड्यावर निजता. न दार, न कडी. मेंढरं हुती तवा तुझं आप्पा रातभर वाड्याभवती फिरायचं, आन् मी दिसा मेंढरं हाकायची. मेंढरं गेली तरी त्यांची राखण सुटली न्हाय. तुमी पोरं घोरायचा, आन् त्ये दोनदा उठून सगळ्यांची पांघरुणं बगायचं. तुमाला ठावं न्हाय. कोनीतरी जागं असायला पायजे, बाबा. आता ती पाळी माझी."

जोतीरामला वाटत होतं की आपण आईला सांभाळतोय. तो मान खाली घालून म्हणाला, "आजपास्नं मी जागतो. तू नीज."

"तू?" कुशाबाईला हसू आलं, चार महिन्यांत पहिल्यांदा. "कारखान्याचा भोंगा उशाशी वाजला तरी तू उठत न्हाईस."

आता घर उघडायला काहीच हरकत नव्हती, असं सगळ्यांनाच वाटलं. दोष फिटलेला, म्हातारी हसलेली. उद्याच बोराटी काढू, जोतीराम म्हणाला. रतननं झाडून जेवढी वाचली तेवढी चटणी पदरात भरली, भावांनी पत्रा पुन्हा बसवला आणि सगळे न्हाणीच्या दारानं, एकेक करून, माणसासारखे बाहेर पडले.

दिवस मावळायला सोपान गोठ्यावर आला. अंगात कापरं, कपाळाला भंडारा. बरोबर गावातली दोन वयस्कर माणसं होती.

"जोतीराव, घर उघडू नगा," सोपान म्हणाला. "मी सोता ऐकलं. आप्पा खोकलं. पत्रं वाजवलं. आन् लाल धूर निगाला पत्र्यातनं!"

"दिवाळी होऊ द्या," बरोबरचा एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला. "आम्ही चार जणांनी ठरवलंय. गावाच्या भल्यासाठी सांगतोय."

जोतीरामनं आत्याकडं पाहिलं. खरं सांगायचं तर छपरापासून चटणीपर्यंत सगळंच सांगावं लागलं असतं. धोंडाबाई डोळे मिटून हात जोडून उभी होती.

"गावाच्या म्होरं कोन हाय?" ती म्हणाली. "दिवाळी तर दिवाळी."

रतननं कपाळाला हात लावला. इंद्रजित दुसरीकडं बघत खोकला दाबू लागला. सोपान मात्र अजून गेला नव्हता. तो कुशाबाईच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकी, तुमाला भ्या वाटंल म्हनून सांगत न्हवतो. पर आतनं तुमचा बी आवाज आला. आप्पा खोकलं, आन् तुमचाच आवाज म्हनला, आवं, पानी दिऊ का."

कुशाबाई त्याच्याकडं टक लावून बघत राहिली. तिला झोपेतलं काहीच आठवत नव्हतं, आणि खोकला कुणाचा होता हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

"मंग?" तिनं विचारलं. "काय म्हनले त्ये?"

"न्हाय ऐकलं, काकी. मी पळालो."

"थांबायचं हुतंस रं जरा," कुशाबाई म्हणाली.